शाई, मीठ आणि दुधाची पिशवी: घरच्या घरी कार्डाचं बॅकग्राउंड कसं करायचं

हाताने कार्ड करायचं म्हटलं की बहुतेकजण आधी चित्राचा विचार करतात, गणपती काढू की नाताळचं नक्षत्र काढू, आणि मागचा कागद मग तसाच कोरा राहतो नाहीतर त्यावर दुकानातला छापील डिझाइनचा कागद चिकटवला जातो. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. बॅकग्राउंड जमलं की वर नुसतं एक नाव नीट अक्षरात लिहिलं तरी कार्ड छान दिसतं, आणि चित्र येत नसलेल्या माणसालाही हे जमतं. सामान बघाल तर जवळपास सगळं घरात पडलेलंच असतं, मीठ, मेणबत्ती, दुधाची पिशवी, जुना टूथब्रश, रांगोळीचे छाप, कांद्याच्या गोणीची जाळी. विकत आणायची ती शाई आणि बऱ्यापैकी कागद.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. यात कौशल्य हाताचं कमी आणि पाण्याचं जास्त. कागदावर पाणी किती आहे, ते कुठल्या क्षणी किती सुकलंय, आणि हवेत ओल किती आहे, या तीन गोष्टी कळल्या की कुठलीही पद्धत जमते. आपल्या गोव्यात तर तिसरी गोष्ट विसरून चालतच नाही. चवथीची कार्डं ऐन पावसात करावी लागतात, नाताळची कोरड्या हवेत, आणि तीच शाई तोच कागद घेऊनही दोन्ही वेळेला वेगळं वागतात.

शाई कुठली

फाउंटन पेनची बाटलीतली शाई घ्या. निळी, काळी, लाल, हिरवी, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आमच्या फोंड्यात वरच्या बाजारात तरी सहज मिळते. दांडेकरांची कॅम्लिन १९३१ मध्ये शाईच्याच धंद्यातून सुरू झाली आणि आजही तिची बाटली या कामाला उत्तम आहे. पेनच्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे ती कागदात मुरते, पाणी लागलं की परत हलते, पसरते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. काळ्या शाईत बऱ्याचदा दोन-तीन रंग मिसळलेले असतात, भरपूर पाण्यात ती फाटून कडेला निळी जांभळी झाक येते, म्हणून एकच बाटली घ्यायची असेल तर मी काळी घ्या म्हणेन.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वेगळी. ती एकदा सुकली की हलत नाही, त्यामुळे वरच्या रेघांना, अक्षरांना चांगली, खाली पसरवायला तितकी नाही. ऑफिसचं स्टॅम्प पॅडसुद्धा चालतं, पण त्या शाईत ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं म्हणून ती गुळगुळीत कागदावर बराच वेळ ओलीच राहते, बोट लागलं की पुसते.

लाल शाईबद्दल सावध राहा. उजेडात ती सगळ्यात आधी उडते. जे कार्ड कुणीतरी फ्रेम करून ठेवेल असं वाटतं त्यात लाल शाईऐवजी गेरू वापरा, त्याचं पुढे सांगते.

कागद

साधा प्रिंटरचा कागद ७५-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतो, तो पाण्यात लगेच लाटा घेतो, त्यावर वेळ घालवू नका. दुकानात आयव्हरी शीट म्हणून गुळगुळीत जाड कार्डशीट मिळते, २५० ते ३०० जीएसएमची घ्या, पुढे येणाऱ्या शेव्हिंग फोमच्या आणि दुधाच्या पिशवीच्या पद्धतींना ती छान. मिठाच्या आणि भरपूर पाण्याच्या कामाला वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा कागद हवाच, महाग पडतो पण एका ए-फोर शीटमधून चार कार्डांचे दर्शनी तुकडे निघतात. कागद कसा आहे ते कळायला कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब क्षणात आत गेला तर कागद फार पिणारा आहे, शाई जिथे पडेल तिथेच डाग होऊन बसेल. थेंब थोडा वेळ वर फुगून राहिला तर कामाचा.

आणि कार्ड आधी कापून मग त्यावर रंग करू नका. पूर्ण ए-फोर शीट रंगवा, सुकू द्या, मग जाड कागदाचे दोन एल आकाराचे तुकडे कापून त्यांची चौकट करून शीटवर सरकवत सरकवत सगळ्यात छान दिसणारा भाग शोधा आणि तोच कापा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, कारण कुठलीही शीट सगळीकडे सारखी छान येत नाही, पण तिच्यात १०० बाय १४३ मिलिमीटरचा एक तरी तुकडा सुंदर असतोच. (हे माप ए-फाइव्ह कागद मधोमध दुमडून होणाऱ्या कार्डासाठी, कडेने बारीक पांढरी पट्टी राहते आणि ती दिसायला छान दिसते.)

दुधाची पिशवी: इथून सुरुवात करा

नवीन माणसाने पहिली पद्धत हीच करावी. दुधाची पिशवी कडेने कापून सपाट उघडायची आणि साबणाने खरंच नीट धुवायची, कारण दुधाची स्निग्धता राहिली तर शाई तिथे बसत नाही आणि कागदावरही तेलकट डाग येतो. पिशवी टेबलावर पसरून कडा टेपने चिकटवा. तिच्यावर ड्रॉपरने निळ्या शाईचे सात-आठ थेंब लांब लांब टाका, हिरव्याचे दोन-तीन, आणि स्प्रे बाटलीतून हात लांब धरून पाणी मारा. प्लास्टिकवर शाई पसरत नाही, तिचे मोती होतात, छोटे मोठे. आता कार्डशीट त्यावर पालथी ठेवा, हलकेच दाबा, सरकवू नका, आणि एका कडेने उचला.

पहिला ठसा फिका आणि अर्धवट वाटेल, वाटू दे. तो पूर्ण सुकवा, पूर्ण म्हणजे हात लावला की थंड लागत नाही इतका, आणि मग पिशवीवर उरलेल्या शाईत तोच कागद परत बुडवा. पेनची शाई पारदर्शक असल्यामुळे खालचा थर वरून दिसतो आणि तिसऱ्या थरापर्यंत कागदाला अशी खोली येते की छापील वाटत नाही. मधे घाई करून ओल्यावर ओलं केलं तर सगळे थर एकमेकांत जाऊन एक सपाट निळा होतो. रंग निवडताना निळा-हिरवा, निळा-जांभळा, पिवळा-लाल असे शेजारी रंग घ्या. लाल आणि हिरवा, किंवा निळा आणि नारिंगी ओले असताना एकत्र आले की मातकट होतात, ते दोन हवेच असतील तर मधे सुकवणं आलंच.

पाणी जास्त मारलं तर मोती मोठे होतात आणि फिके, कमी मारलं तर बारीक आणि गडद. एकाच पिशवीवर अर्ध्या भागात एकदा आणि अर्ध्या भागात चारदा स्प्रे मारून बघा, तेवढ्यात पाण्याचं सगळं कळतं.

मीठ

याच्यासाठी आगरातलं, म्हणजे मिठागरातलं, जाड गावठी मीठ घ्या, पेडण्याच्या आगरवाड्याकडचं किंवा बाजारात जे ढिगाने विकतात ते, टेबल सॉल्ट नको, त्याचे दाणे इतके बारीक की नुसती धूळ बसल्यासारखं दिसतं. वॉटरकलरचा कागद पाण्याने सगळीकडे ओला करा, वर शाई सोडा, ब्रशने थोडी फिरवा, आणि थांबा. कागद तिरका धरून बघत राहा. आधी तो आरशासारखा चकाकतो, मग हळूहळू ती चकाकी मंद होते. चकाकी जाऊन नुसती ओली झाक उरली त्या क्षणी मीठ टाकायचं. लवकर टाकलं तर मीठ विरघळून जातं, उशीर झाला तर काहीच होत नाही. प्रत्येक दाणा आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतो आणि पाण्याबरोबर शाईही ओढतो, त्यामुळे दाण्याभोवती फिकं फूल उमलतं. मूठभर भुरभुरवू नका, चिमटीने टाका आणि अर्धा कागद मोकळा सोडा.

सुकायला लागेल तितका वेळ द्या, ड्रायर लावू नका, फुलं अर्ध्यावर थांबतात. सुकल्यावर मीठ बोटाने नाही, कोरड्या टूथब्रशने झाडा, आणि दोनदा झाडा.

आता पावसाचं. गावठी मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणूनच पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. कागदावर राहिलेला बारीक कणही तेच करतो, जुलैत झाडलेला कागद ऑगस्टमध्ये ओलसर ठिपके दाखवतो. त्यामुळे मिठाची कार्डं फेब्रुवारी ते मे या काळात करून ठेवावीत, त्याच दिवसात आगरात नवीन मीठही पिकतं, आणि ती हवाबंद डब्यात ठेवावीत. चवथीच्या तोंडावर मिठाच्या नादी लागू नका, दुसऱ्या पद्धती भरपूर आहेत.

शेव्हिंग फोम

मुलांबरोबर करायला हे सगळ्यात मस्त. जेल नको, फोमच हवा. जुन्या ट्रेमध्ये दीड-दोन सेंटीमीटर थर पसरा, पट्टीने सपाट करा. वर शाईचे थेंब, मग टूथपिकने आडव्या रेघा, मग उभ्या, की मोराच्या पिसासारखी नक्षी येते. फार ढवळू नका, दहा-बारा रेघा पुरे. कागद मधून कडेकडे दाबत ठेवा, उचला, अर्धा मिनिट तसाच राहू द्या म्हणजे शाई मुरेल, आणि पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने एकाच ओढीत फोम खरवडून काढा. खाली स्वच्छ संगमरवरी नक्षी. फोम साबणाचा असल्यामुळे शाई त्याच्यात बुडत नाही, वरच तरंगते, म्हणून नक्षी शाबूत येते. त्याच फोमवर दोन-तीन ठसे निघतात, नंतर रंग एकमेकांत गेले की फोम टाकून द्या. वास येतो कार्डाला पण तो चार दिवसात जातो.

मेणबत्ती आणि गेरू

माझी सगळ्यात आवडती पद्धत ही. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं, चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लालसर तपकिरी थर देऊन तो खरवडून नक्षी काढतात, खालचा पांढरा दिसतो. हल्ली कितीतरी भिंतींवर ऑइल पेंट फासून ते काम झाकलं गेलंय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. कार्डावर तसा परिणाम मेणाने मिळतो. पांढऱ्या मेणबत्तीला टोक करा, कोरड्या कागदावर जोर देऊन नक्षी काढा, वेल, साखळी, कमळ, जाळी. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून खिडकीकडे तोंड करून कागद तिरका धरा, मेणाची रेघ चमकते.

रंगासाठी हार्डवेअरच्या दुकानातला गेरू. एक चमचा गेरू, दोन चमचे पाणी, आणि चार-पाच थेंब फेव्हिकॉल किंवा डिंकाचं पाणी. डिंक विसरलात तर सुकल्यावर गेरू हाताला लागतो आणि पाकिटाला आतून लागतो. हे पाणी रुंद ब्रशने एकाच दिशेने एकदाच फिरवा. मेणावरून ते थेंब होऊन घरंगळतं आणि कोऱ्या कागदात बसतं. मेणावर राहिलेले थेंब टिश्यूने टिपा. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, उन्हात उडत नाही, त्यामुळे हे कार्ड वर्षानुवर्षं तसंच राहतं.

मेण काढायचं असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून मंद इस्त्री फिरवा. वर्तमानपत्र घेऊ नका, त्याची शाई उतरते. मेण गेलं तरी कागदावर थोडी तेलकट झाक राहते आणि तिथे पेन चालत नाही, म्हणून जिथे लिहायचं तिथे मेण लावूच नका.

छाप

रांगोळीचे प्लास्टिकचे छाप घरोघरी असतात, तेच स्टेन्सिल. उशीतल्या स्पंजचा तुकडा शाईत बुडवून आधी रद्दी कागदावर पाच-सहा वेळा टिपायचा, जवळजवळ कोरडा झाला की मगच छापावर हलकेच टिपत जायचं. स्पंज ओला असला की शाई छापाच्या खाली शिरते, यात दुसरी चूक होतच नाही. कांद्याच्या गोणीची जाळी, क्रोशाचा रुमाल, पिठाची चाळणी, सगळं चालतं. लाल-पांढऱ्या कुणबी साडीच्या चौकड्या हव्या असतील तर मास्किंग टेपच्या पट्ट्या आधी उभ्या लावून स्पंज फिरवा, सुकवा, काढा, मग आडव्या. टेप कागदाला लावण्याआधी एकदा कपड्यावर चिकटवून काढा, नाहीतर काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

परसातल्या वस्तूंमध्ये केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापा, त्यात जाळीसारखे कप्पे असतात, अर्धचंद्राच्या आकाराचा सुंदर ठसा येतो. कापल्यावर चीक पुसून दहा मिनिटं सुकू द्या. भेंडी आडवी कापून येणारे फुलांचे ठसे सगळ्यांना माहीतच आहेत. अळवाचं पान मात्र ठशाला घेऊ नका, त्याच्यावर पाणीच ठरत नाही तर शाई कुठून ठरणार, फणसाचं किंवा आंब्याचं पान घ्या आणि शिरा वर आलेली मागची बाजू वापरा.

स्वयंपाकघरातले रंग

हळद पाण्यात विरघळत नाही, सॅनिटायझरमध्ये विरघळते, त्यात कालवून गाळून घ्या आणि कागदावर फिरवा. सुकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वर नक्षी काढली की तिथे लालसर तपकिरी रेघ उमटते, कुंकू करताना हळदीचं चुन्याने जे होतं तेच. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांचं पाणीही चालतं, सोडा लागला की ते निळसर करडं होतं, आणि काही कागदांत मुळातच खडू असल्यामुळे सोडा न लावताही जांभळट पडतं. हळद आणि भिरंड दोन्ही उजेडात फिके होतात. पाकिटात राहणाऱ्या कार्डाला चालेल, भिंतीवर लावायला नको.

टिकाऊ काळा हवा असेल तर गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस भिजवा, झाकण सैल ठेवा कारण आत गॅस तयार होतो. कागदावर कडक चहाचं पाणी फिरवून सुकवा आणि हे खिळ्यांचं पाणी ब्रशने लावा. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र येऊन डोळ्यांदेखत करडं, मग काळं होतं.

ब्लीच, फक्त मोठ्यांनी

कागदावर काळी किंवा निळी पेनची शाई गडद फिरवा, पूर्ण सुकवा. कपड्यांच्या लिक्विड ब्लीचमध्ये तितकंच पाणी घालून कानाच्या काडीने किंवा जुन्या बोरूने वर लिहा. जिथे ब्लीच लागेल तिथे शाई उडते आणि कधी पांढरी, कधी सोनेरी रेघ उरते. रात्रीच्या आकाशातली नाताळची नक्षत्रं याने अप्रतिम होतात. खिडकी उघडी, हातमोजे, चांगला ब्रश नाही. आणि वर सांगितलेलं व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर ब्लीचच्या जवळही येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन गॅस सुटतो. दोन्ही पद्धती एका दिवशी, एका टेबलावर करायच्याच नाहीत.

सुकवणं आणि लिहिणं

पावसात कागद दोरीवर टांगू नका, ओल्या हवेत तो वाकडा सुकतो. पंख्याखाली सपाट ठेवा, एकावर एक नाही. हाताला कोरडा लागला तरी आत ओल असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदांमध्ये घालून मागच्या बाजूने मंद इस्त्री करा (ब्लीचवाला, फोमवाला, कुठलाही, फक्त ज्यावर मेण ठेवायचंय तो सोडून). वाकलेला कागद सरळ करायला मागून अगदी हलका स्प्रे मारा, दोन्ही बाजूंना बटर पेपर लावून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. ओला डब्यात गेला तर बुरशी धरते, आणि ती एका कागदावरून सगळ्या गठ्ठ्यात जाते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, त्या या डब्यात घाला.

तुकडा कार्डावर चिकटवताना पातळ डिंक नको, खालचा कागद फुगतो. डबल टेप चारही कडांना लावा.

लिहायची जागा आधी ठरवा, शाई लावण्याआधीच तिथे मास्किंग टेप किंवा कागदाचा तुकडा ठेवून ती पांढरी राखून ठेवा. गडद बॅकग्राउंडवर पांढरं जेल पेन चालतं पण आधी त्याच शीटच्या कापलेल्या तुकड्यावर लिहून बघा, काही शाया खालून वर येऊन पांढऱ्याला गुलाबी करतात. तसं झालं तर सरळ पांढरी पट्टी कापून त्यावर लिहा आणि ती चिकटवा. पेनच्या शाईचं कार्ड ओल्या हाताने धरलं तरी ओघळतं, म्हणून पावसात पोस्टाने पाठवायचं असेल तर आधी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मग पाकिटात. पाकीट ११४ बाय १६२ मिलिमीटरचं, सी-सिक्स म्हणून मागा, हे कार्ड त्यात पिशवीसकट आरामात बसतं.